इंग्रजीतील 'हॅव' : अर्थ आणि उपयोग

महाराष्ट्रातील मराठी शाळांतून इ. स. २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासूनच शिकविले जाते. आरंभीच भेटणाऱ्या क्रियापदांपैकी 'हॅव' हे एक होय. शब्द लहान, परंतु मराठी मुलास तो जितका अडवितो तितके लांबलचक शब्दही अडवीत नाहीत. फळ्यावर 'हॅव म्हणजे असणे' एवढेच लिहून पुढे जाण्याची प्रथा आहे, आणि चुकांचे बी तेथेच पडते.

मालकी दाखविणारे 'हॅव'सारखे एकच क्रियापद मराठीत नाही. जुन्नर तालुक्यात जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या घाटघरचे मूल सहज बोलून जाते : 'मला दोन भाऊ आहेत', 'बाबांकडे चार शेळ्या आहेत', 'आमची भातखाचरे आहेत', 'माझ्याजवळ पेन्सिल आहे', 'त्याच्यात धीर आहे'. नाते, धन, जमीन, हाताशी असलेली वस्तू, अंगचा गुण या प्रत्येकासाठी मराठीची ठेवण निराळी. इंग्रजीस एवढा बारकावा लागत नाही. तेथे या सर्वांना एक 'हॅव' पुरतो.

खरी अडचण मात्र पुढेच आहे. 'बाबांकडे चार शेळ्या आहेत' या वाक्यात कर्ता शेळ्या. म्हणून क्रियापद अनेकवचनी. इंग्रजीत कर्ता बाबा होतात आणि शेळ्या कर्मस्थानी जातात. हा पालट न समजल्यामुळे मूल 'माय फादर हॅव फोर गोट्स' असे लिहिते. शेळ्या अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी! मातृभाषेचा नियम त्याने चोख पाळलेला असतो. यास निष्काळजीपणा म्हणून तांबडी रेघ ओढली, किंवा वर्गात हसू होऊ दिले, तर ते मूल पुढच्या तासाला हात वर करीत नाही.

शिक्षकांनी प्रथम 'कोणाचे?' असे विचारावे आणि उत्तरात आलेला शब्द वाक्याच्या आरंभी ठेववावा. या भागात हिरडे सर्वांच्या ओळखीचे. एका मुलीच्या ओंजळीत पाच हिरडे द्यावेत : 'शी हॅज फाइव्ह'. मग पाच मुलांत मिळून एकच हिरडा द्यावा : 'दे हॅव वन'. क्रियापद हिरड्यांकडे पाहत नाही, धन्याकडे पाहते, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येते. 'आय' आणि 'यू' यांना 'हॅव' लागते, तेवढे वेगळे सांगावे लागेल.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही चूक तर मोठ्यांच्याही बोलण्यात आढळते. भाऊ असणे ही स्थिती आहे, चालू क्रिया नव्हे. म्हणून तेथे 'हॅविंग' बसत नाही. 'दे आर हॅविंग लंच' हे मात्र शुद्ध, कारण तेथे मराठीत 'ते जेवत आहेत' असे क्रियेचे स्वतंत्र क्रियापद येते. याच कसोटीवर मुलांकडून अन्य वाक्येही पारखून घ्यावीत.

'मला शाळेत जावे लागते' यासाठी 'आय हॅव टू गो टु स्कूल' असे म्हणतात. येथेही 'मला'चा 'आय' झाला, हे दाखवावे. भूतकाळी मात्र एक, अनेक, मी, तू अशा सर्वांना 'हॅड' हे एकच रूप चालते. तेवढी सवलत इंग्रजीने ठेविली आहे.