सोबतीचा पल्ला

धावण्याच्या शर्यतीची बातमी वाचताना आपले लक्ष पहिल्या तीन क्रमांकांकडे जाते. त्यांच्या मागून तासन्‌तास धावत येणाऱ्या हजारो हौशी धावपटूंचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे. हे धावपटू एकमेकांना कसे सांभाळून घेतात, ते पाठ वाचताना लक्षात घ्या.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्पर्धक एवढे अंतर धावले आणि १९२१ मध्ये ते अधिकृत ठरले. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. ती साधारणतः जानेवारीत होते, म्हणून तिची तयारी ऐन पावसाळ्यातच सुरू करावी लागते. नोकरी, लोकलचा प्रवास आणि घरची कामे सांभाळून चार-पाच महिने सराव करायचा, तर पहाटेखेरीज वेळ उरत नाही. पावसाळी पहाटे साडेचार वाजता अंथरूण सोडण्याचा निश्चय एकट्याने टिकवणे अवघड असते. कोपऱ्यावर चार सोबती वाट पाहत उभे आहेत, हे ठाऊक असले की पाय आपोआप घराबाहेर पडतात. स्त्रियांच्या दृष्टीने ही सोबत केवळ उत्साहापुरती नसते. अंधारात, रिकाम्या रस्त्यावर एकटीने धावण्याचा धीर सहसा होत नाही. गट मिळाला म्हणून धावू लागलेल्या स्त्रिया अनेक आहेत.

रविवारी लांब पल्ल्याचा सराव असतो. मरीन ड्राइव्हवर भल्या पहाटे असे अनेक गट दिसतात. पुढे गेलेले धावपटू ठरलेल्या ठिकाणावरून मागे वळतात आणि सर्वांत मागे राहिलेल्याला गाठून त्याच्याबरोबर पुन्हा धावू लागतात. त्यामुळे वेगवान धावपटूचा सराव पुरेसा होतो आणि मंद गतीचा धावपटूही एकटा पडत नाही.

नवख्या धावपटूला मात्र अंतर वाढवण्याची घाई असते. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण येथे वेगळ्याच अर्थाने खरी ठरते. उतावळेपणाची शिक्षा बहुधा गुडघ्यालाच भोगावी लागते. कधी टाच दुखावते, कधी नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडा जातो. अशा वेळी डॉक्टर कित्येक आठवड्यांची विश्रांती सांगतात आणि महिन्यांची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. दुखण्यापेक्षाही जिव्हारी लागते ते गटातून बाहेर पडणे. जाणते सोबती हे ओळखतात. जायबंदी झालेल्याला ते घरी बसू देत नाहीत. पाण्याच्या बाटल्या सांभाळणे, वेळेची नोंद ठेवणे, नव्यांना शर्यतीचा मार्ग समजावून सांगणे अशी कामे त्याच्याकडे येतात. धावणे थांबले तरी त्याची पहाट मोडत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा धावू लागतो, त्याचे बरेचसे श्रेय या कामांना द्यावे लागेल.

२०२० च्या मार्चनंतर तर सर्वांचेच धावणे थांबले. करोनाच्या साथीमुळे २०२१ आणि २०२२ या वर्षी मुंबईची शर्यत झाली नाही. टाळेबंदीत कोणी इमारतीच्या गच्चीवर, कोणी घरातल्या घरात फेऱ्या मारल्या आणि त्यांचे आकडे फोनवरून एकमेकांना कळवले. १५ जानेवारी २०२३ रोजी धावपटू पुन्हा शर्यतीच्या मार्गावर उतरले.

शर्यतीच्या दिवशी सोबतीची खरी कसोटी लागते. साधारणपणे तिसाव्या किलोमीटरनंतर स्नायूंमधला साखरेचा साठा संपत येतो, पाय दगडासारखे जड होतात. मुंबईत नेमक्या याच टप्प्यानंतर पेडर रोडचा चढ लागतो. कडेला उभे असलेले रहिवासी संत्र्याच्या फोडी, केळी, बिस्किटे पुढे करतात आणि अनोळखी माणसालाही छातीवरच्या पट्टीवरचे नाव वाचून हाका मारतात. ठरावीक वेळेत शर्यत पूर्ण करून देणारा ‘पेसर’ हाती वेळेची पाटी घेऊन धावत असतो. त्याच्यामागे धावणाऱ्यांना त्याचा मोठा आधार वाटतो. परंतु ठरलेली वेळ पाळणे हे त्याचे कर्तव्य असल्यामुळे एकासाठी त्याला थांबता येत नाही. थांबतो तो मित्र. पायात गोळा आलेल्या सोबत्याजवळ तो चालू लागतो, त्याला मिठाचे पाणी पाजतो, पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत चल म्हणतो आणि तिथे पोहोचल्यावर त्याच्या पुढचा खांब दाखवतो. पाच महिने जपलेले स्वतःच्या वेळेचे उद्दिष्ट त्याने त्या चढावरच सोडून दिलेले असते.

दोघे शेवटची रेषा बरोबरच ओलांडतात. निकालपत्रकात त्यांच्या नावांसमोर जवळजवळ सारखीच वेळ छापली जाते. कोण कोणासाठी थांबला होता, याची नोंद त्यात नसते.

पाठगत प्रश्न
१. पेसर आणि मित्र यांच्या मदतीत कोणता फरक आहे?
२. जायबंदी धावपटूला गट कामे का देतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.