संगणक बदलण्याआधी एक पगार काढून बघा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. पेंडीची उधारी, पोरांची फी त्यावरच भागते. अशाच एका दूध संस्थेतून मला बोलावणं आलं, तेव्हा पगाराचा दिवस उलटून गेला होता. जुन्या संगणकावरचं विंडोज काढून कुणीतरी लिनक्स आणि लिब्रेऑफिस ही मुक्त सॉफ्टवेअर टाकून दिली होती. पैसे लागत नाहीत, जुन्या मशीनवरही चालतं, हे सगळं खरं. पण सभासदांची यादी उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी.

युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. तो फॉन्ट नसला की मजकूर असून नसल्यासारखा. युनिकोडमध्ये बदलून देणारे मुक्त प्रोग्रॅम मिळाले, पण ते काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचे. मला ते येतं. पहाटेपासून फॅट आणि लिटर लिहिणाऱ्या सचिवांना का यावं?

सामान्यांसाठी सोयी वाढवल्या तर प्रोग्रॅम जड होतो, देखभाल कोण करणार, असं मुक्त सॉफ्टवेअरचे अनेक विकासक म्हणतात. देखभालीची अडचण मला मान्य आहे. कितीतरी जण नोकरी सांभाळून हे काम करतात. पण २०१९ मध्ये लिब्रेऑफिसच्या ६.२ आवृत्तीत टॅबची पट्टी आली आणि जुने मेनूही राहिले. कुणाचं काही हिरावलं गेलं नाही. जुन्या फॉन्टमधली मराठी युनिकोडमध्ये आणणारं बटण त्याच मेनूत का नसावं? महाराष्ट्रातल्या संस्थांची कितीतरी वर्षांची दप्तरं तशाच फॉन्टमध्ये पडून आहेत. ज्याला कोड वाचता येतो त्याच्यापुरतंच सॉफ्टवेअर मुक्त असेल, तर गावाला त्याचा काय उपयोग?

असं बटण येईतोवर बदल करणाऱ्यांनी जपून पावलं टाकावीत. जुनं मशीन पुसू देऊ नका. जुना फॉन्ट त्यावर आहे तोवरच याद्या युनिकोडमध्ये करून घ्या आणि नावं छापील रजिस्टरशी ताडून पाहा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. टायपिंग करून बघायचं काम मशीन बसवणाऱ्याला नको, त्यावर रोज बसणाऱ्यालाच द्या. त्याचा हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला असेल, तर नव्या मशीनवर तीच मांडणी हवी. संस्थेच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी पावती काढून बघा. एक अख्खा पगार दोन्ही मशीनवर काढा आणि आकडे जुळल्यावरच जुनं बंद करा.

बारामती-इंदापूरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी प्रोजेक्टसाठी युनिकोडमध्ये आणणारं हे बटणच घ्यावं. त्याआधी पगाराच्या दिवशी एखाद्या संस्थेत सचिवांच्या शेजारी बसावं, आणि त्यांचा हात कुठं अडतो ते वहीत टिपून घ्यावं.