आबांचा चेहरा आणि पॉलिश पेपर

फाईल मारून मारून जॉब चकचकीत करायची सवय वर्कशॉपमध्ये आपल्या सगळ्यांनाच लागते. माझ्या त्या सवयीनं मागच्या दिवाळीत आबांचा चेहरा पुसला!

आबा गेल्यावर आजीसाठी त्यांचा मूठभर मुखवटा करावा असं मनात होतं. गावाकडच्या ओळखीच्या ओतारीकाकांनी मेण आणि राळ एकत्र करून दिली. फोटो समोर ठेवून मी अंगठ्यानं चेहरा दाबत गेलो. काकांनी त्यावर आधी गाळलेल्या मातीचा पातळ लेप दिला, मग जाड थर चढवले. भाजल्यावर मेण वाहून गेलं आणि त्या पोकळीत कांस्याचा रस ओतला. साचा फोडला तर काय, माझ्या अंगठ्याच्या रेघासुद्धा धातूत उतरलेल्या!

यात फाऊंड्रीचा धडा आहे. शुद्ध तांबं १०८५ अंशांना वितळतं. त्यात दहाएक टक्के कथील मिसळलं की काम हजार अंशांच्या आसपास भागतं आणि रस बारीक खाचेतही शिरतो. (आपल्या जालन्याच्या भट्ट्यांत पोलादाला दीड हजार अंश लागतात.) पण पहिला लेप जाडाभरडा असता, तर रेघा तिथंच हरवल्या असत्या.

एवढं सगळं जमलं आणि मी शहाणपणा केला. हॉस्टेलवर आणून आधी पॉलिश पेपर, मग बफिंग. आजीनं तो उलटसुलट करून पाहिला.

"लय चमकतंय रे. पण हे कोण?"

तेव्हा कळलं नाही, नंतर विचार केला. गुळगुळीत धातू आरशासारखा खिडकी दाखवतो, गाल नाही. खडबडीत पृष्ठभागावर उजेड तुटतो, खळग्यात सावली थांबते, आणि त्या सावलीलाच आपण सुरकुती म्हणतो. म्हणून तर फ्रान्सच्या रोदँनं मातीवरचे बोटांचे ठसे ब्राँझमध्ये तसेच राहू दिले.

विनायक पांडुरंग करमरकरांची कामं मी सहलीत पाहिली होती. पुण्यातला त्यांचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये बसवला गेला. एवढं वजन घोड्याच्या बारीक पायांवर पेलायचं, तर पोकळ ओतता येणारं आणि ताण सोसणारं ब्राँझच हवं. दगडात पोटाखाली टेकू द्यावा लागतो. पण अलिबागजवळ सासवण्याच्या त्यांच्या शिल्पालयात सिमेंटमधली कामं बघा. सिमेंटला चमक नाही, अंगठ्याची रेघ धरत नाही, पण त्याचा रवाळपणाच कातडी होऊन बसतो. मला तर, खरं सांगू, तीच जास्त जवळची वाटली.

आबांचं मेण तर ओतताना गेलं, साचा फोडला गेला. म्हणजे दुसरी प्रत नाहीच. बफिंगनं गेलेलं पाव मिलिमीटर कुठून आणणार?

नवा मुखवटा सध्या मेणात आहे. मागच्या रविवारी आजीनं तो पाहिला आणि काही न बोलता डाव्या भुवईवर नखानं एक खाच पाडली. बैलाचं शिंग लागलं होतं म्हणे, माझ्या जन्माआधी. फोटोत ती दिसत नव्हती. काकांना सांगितलंय, या वेळी लेपाची माती दोनदा गाळा.