दुकानाला रंग कोणता द्यावा?

मनुष्याला रंगांची आवड उपजतच असते. सण जवळ आला, की घराच्या भिंती उजळून निघतात. आणि व्यापारी तर दिवाळीपूर्वी आपले दुकान रंगवून घेतल्यावाचून राहत नाही. ज्याचे दुकान, त्याने मनाला येईल तो रंग द्यावा. यात विचार करण्यासारखे ते काय, असे कोणासही वाटेल. परंतु दुकान शेदोनशे वर्षांच्या जुन्या इमारतीत असेल, तर हा प्रश्न इतका सोपा राहत नाही. तेथे मालकाच्या आवडीखेरीज आणखी दोघींचे मत विचारात घ्यावे लागते. एक ती भिंत आणि दुसरी ती पेठ. हे कसे, ते आपण जयपूरच्या उदाहरणावरून पाहू.

राजस्थानातील जयपूर हे नगर सवाई जयसिंग महाराजांनी १७२७ साली वसविले. नगराची आखणी करण्याच्या कामी विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाचे त्यांस मोठे साहाय्य झाले. सरळ आणि रुंद रस्ते, प्रशस्त चौक आणि रस्त्यांच्या दोन्ही बाजूंस एकसारख्या ठेवणीच्या दुकानांच्या रांगा, हे या नगराचे वैशिष्ट्य होय. १८७६ साली इंग्लंडचे युवराज आल्बर्ट एडवर्ड जयपूरला आले. त्यांच्या स्वागतासाठी महाराज सवाई रामसिंग यांनी सारे नगर एका रंगात रंगवून घेतले, असे सांगतात. तेव्हापासून जयपूर 'गुलाबी नगरी' म्हणून प्रसिद्धीस आले. खरे पाहता हा रंग गुलाबाच्या फुलापेक्षा गेरूच्या मातीलाच अधिक जवळचा आहे. २०१९ साली युनेस्कोने या नगराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आता अशी कल्पना करा, की येथील जोहरी बाजारात एका व्यापाऱ्याचे वडिलोपार्जित कापडाचे दुकान आहे. दुकानाच्या दर्शनी भिंतीचा रंग उडाला आहे. शेजारच्या पंधरा दुकानांत आपले दुकान उठून दिसावे, म्हणून तिला चकचकीत निळा तैलरंग द्यावा, असे त्याच्या मनात येते. त्याची इच्छा अगदीच गैर म्हणता येणार नाही. गिऱ्हाईक आले तरच त्याचा संसार चालणार. तो एका वृद्ध रंगाऱ्याला बोलावतो. रंगारी भिंतीवरून हात फिरवून म्हणतो, "शेठजी, ही भिंत चुन्याची आहे. तिला श्वास घेऊ द्या."

भिंत श्वास घेते, म्हणजे काय? जुन्या भिंती दगड, विटा आणि चुना यांनी बांधलेल्या असतात. जमिनीतील आणि पावसाची ओल अशा भिंतीत शिरते आणि चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू बाहेर पडून उडून जाते. तिच्यावर तैलरंगाचा जाड पापुद्रा चढविला, की ओलीची ही वाट बंद होते. ओल आतच कोंडते. तिच्याबरोबर आलेल्या क्षारांचे स्फटिक बनतात आणि ते गिलाव्याला आतून फोडू लागतात. प्रथम रंगाला फोड येतात, मग पोपडे सुटतात आणि अखेरीस गिलावाही ढासळतो. वरून चकाकणारी भिंत आतून अशी झिजत जाते.

चुन्याच्या रंगाची गोष्ट निराळी. चुनखडी भट्टीत भाजली, की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना तयार होतो. तो पाण्यात विरवून, गाळून, त्यात गेरू मिसळून भिंतीला लावतात. भिंतीवर चढलेला चुना हवेतून तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. त्यामुळे रंग भिंतीशी एकजीव होतो. तरीही ओलीला वाट मोकळी राहते. मात्र चुना अतिशय दाहक असतो. कित्येक रंग त्याच्या संगतीत टिकत नाहीत. फिके पडतात किंवा पालटतात. गेरू, पिवडी यांसारख्या मातीच्या रंगांना मात्र त्याची बाधा होत नाही. जुन्या शहरांतून तांबूस आणि पिवळसर भिंती इतक्या का आढळतात, याचे एक कारण येथे सापडते. तो केवळ पूर्वजांच्या आवडीचा प्रश्न नव्हता. जे रंग टिकले, तेच रूढ झाले.

तरीही निवड उरतेच, कारण गेरूच्याही अनेक छटा असतात. जाणता कारागीर छज्जाखालच्या आडोशाच्या जागी धारदार पात्याने रंगाचे थर एकेक करून अलगद खरवडतो. कांद्याचे पापुद्रे निघावेत, तसे जुने रंग एकाखाली एक दिसू लागतात. त्यावरून मूळ छटेचा अंदाज बांधता येतो. मग भिंतीवर हातभर जागेत दोनतीन नमुने लावून पाहतात. ओला चुना गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका होतो. म्हणून लगेच निर्णय करीत नाहीत. सकाळचे कोवळे ऊन, दुपारचा प्रखर प्रकाश आणि रात्रीचे दिवे, अशा तिन्ही वेळी नमुना पाहूनच छटा ठरवितात.

भिंतीचे मत झाले; आता पेठेचे. जयपूरच्या जुन्या बाजारांतील दर्शनी भिंती गुलाबीच ठेवाव्यात, असा नियम आहे. एका दुकानाने निळा रंग दिला, तर शेजारी हिरवा देईल, तिसरा जांभळा. आणि ज्या रांगेची शोभा पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात, ती रांगच नाहीशी होईल. मग गिऱ्हाईक तरी कशाला येईल? यावरून जुन्या पेठेत सर्वत्र एकच रंग असावा, असे मात्र समजू नये. गोव्यात पणजीच्या फोंतेन्हास भागात एक घर पिवळे, दुसरे निळे, तर तिसरे गेरूच्या रंगाचे दिसते. खिडक्यांच्या कडा पांढऱ्या असतात आणि त्या सर्वांना एकत्र बांधतात. तेथे विविधता हीच रीत आहे. प्रत्येक पेठेची रीत ओळखावी लागते, एवढाच याचा अर्थ.

मग आपल्या व्यापाऱ्याने काय करावे? बाहेरची भिंत गेरूमिश्रित चुन्याने रंगवावी आणि आपली हौस दुकानाच्या आत पुरवावी. निळ्या बांधणीचे एखादे सुरेख वस्त्र दारात टांगले, तर त्या गुलाबी भिंतीपुढे ते जितके खुलून दिसेल, तितके निळ्या भिंतीपुढे कधीच दिसणार नाही.

इमारत आपल्या मालकीची असली, तरी तिचे दर्शनी रूप वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडते. ते रूप आपल्याला पूर्वजांकडून मिळाले आहे आणि पुढील पिढीच्या हाती सोपवायचे आहे. म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी भिंतीवरून एकदा हात फिरवावा आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहून सारी रांग एकदा डोळे भरून पाहावी.

स्वाध्याय

१. जुन्या भिंतीला तैलरंग दिल्याने कोणते नुकसान होते?
२. चुन्यात मातीचे रंग का वापरतात?
३. जयपूर आणि फोंतेन्हास येथील रंगांच्या रीतींत कोणता फरक आहे?
४. व्यापाऱ्याची इच्छा 'अगदीच गैर म्हणता येणार नाही', असे लेखकाने का म्हटले आहे? तुमचे मत लिहा.
५. तुमच्या गावातील एखादी जुनी पेठ पाहून तेथील भिंती, दारे व खिडक्या यांच्या रंगांचे दहा ओळींत वर्णन करा.