मोठ्या शोभिवंत कॅटफिशचे बदललेले वर्तन : औषधापूर्वी निदान

पूरक व्यवसाय म्हणून शोभिवंत मत्स्यपालन करणाऱ्या शेतकऱ्यांच्या टाक्यांत कॅटफिश गटातील मोठे मासे आता सर्रास दिसतात. दुकानात ‘शार्क’ या नावाने बोटभर लांबीचा म्हणून विकला जाणारा मासा प्रत्यक्षात पंगासियस असतो व तो एक मीटरहून अधिक वाढू शकतो. ॲमेझॉन खोऱ्यातील रेडटेल कॅटफिशही तितकाच मोठा होतो. असा मासा विचित्र वागू लागला की बहुधा प्रथम औषध टाकले जाते. वास्तविक अशा वेळी चुकीचे औषध हेच मृत्यूचे कारण ठरू शकते.

स्वाभाविक वर्तन कोणते?

पंगासियस पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. अधूनमधून वर येणे हा त्याचा स्वभाव आहे. तो कळपात राहणारा व बुजरा असल्याने अचानक दिवा लावल्यास काचेवर आदळतो. रेडटेल दिवसा तळाशी निश्चल पडून राहतो आणि भरपूर खाल्ल्यावर काही दिवस अन्नाला तोंड लावत नाही. ही आजाराची लक्षणे नव्हेत. मात्र वारंवार वर येणे, कल्ल्यांची जलद हालचाल, अंग घासणे, गोल फिरणे किंवा कुशीवर पडणे याची तत्काळ दखल घ्यावी.

एक मासा की सर्व मासे?

संपूर्ण शेतातील पाने एकाच दिवशी करपली, तर आपण रोगापेक्षा तणनाशकाचा संशय घेतो. मोजकीच झाडे हळूहळू सुकली, तर कीड वा रोग शोधतो. टाकीलाही हाच नियम लावावा. सर्व मासे काही तासांत बिघडले, तर कारण बहुधा पाण्यात असते. एकच मासा दिवसागणिक खंगत गेला, तर जंतुसंसर्ग, परजीवी किंवा इजा संभवते. मागील तीन दिवसांत काय बदलले, हेही विचारावे : नळाचे पाणी, नवा मासा, नवे खाद्य, धुतलेला फिल्टर की फवारणी?

पाण्याची तपासणी

पाणी बदलण्यापूर्वीच एक लिटर नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून ठेवावा. नंतर पुरावा उरत नाही. मग पुढील बाबी तपासाव्यात.

• विरघळलेला प्राणवायू 5 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास किंवा अधिक असावा.
• सामू 7 वरून 8 झाल्यास, एकूण अमोनिया तेवढाच असूनही त्यातील विषारी अंश सुमारे दहापट होतो.
• नायट्राइट वाढल्यास रक्त व कल्ले तपकिरी दिसतात. पाणी अंशतः बदलून लिटरला अर्धा ते एक ग्रॅम खडे मीठ दिल्यास त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यास अटकाव करते.
• क्लोरीनयुक्त नळाचे पाणी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीनमुक्त करूनच वापरावे.
• उत्तर भारतातील हिवाळ्यात पाणी थंड झाल्यानेही पंगासियसचे खाणे मंदावते.

दुर्लक्षित कारण : कीटकनाशक

कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके सस्तन प्राण्यांच्या मानाने माशांना कितीतरी अधिक घातक आहेत. ती कल्ल्यांतून सहज शोषली जातात आणि माशांच्या शरीरात त्यांचे विघटन मंदगतीने होते. पाण्यातील लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही जीवघेणे ठरू शकतात. डासांसाठीची द्रव वाफ देणारी उपकरणे, झुरळांवरील फवारे व शेतात वापरलेल्या पंपाच्या बादल्या हे त्यांचे नेहमीचे मार्ग होत. टाकीचा हवापंप खोलीतील हवाच पाण्यात सोडतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. विषबाधेत मासे एकाएकी सुसाट धावतात, थरथरतात, तोल गमावतात आणि कुशीवर पडतात. अशा वेळी मासे तत्काळ स्वच्छ, क्लोरीनमुक्त व तापमान जुळवलेल्या पाण्यात हलवावेत, फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवावा आणि हवापंपाची नळी खोलीबाहेरील शुद्ध हवेला जोडावी.

बाह्य लक्षणे

पाणी निर्दोष असल्यास शरीर पाहावे. साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके ‘इक’ या परजीवीचे निदर्शक आहेत. औषध केवळ त्याच्या मुक्तपणे पोहणाऱ्या अवस्थेवर परिणाम करते. म्हणून एका मात्रेत तो आटोक्यात येत नाही. पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा दिसल्यास कॉलम्नॅरिस या जिवाणूजन्य रोगाची शंका घ्यावी. पोट फुगून खाणे थांबलेल्या रेडटेलने दगड किंवा प्लास्टिक गिळले असण्याची शक्यता असते. त्याच्या टाकीत गिळता येईल अशी वस्तू ठेवूच नये.

उपचारातील सावधगिरी

या माशांच्या अंगावर खवले नसल्याने तांबे व फॉर्मेलिनयुक्त औषधे त्यांना अधिक बाधतात. खवलेवाल्या माशांची मात्रा त्यांना जशीच्या तशी देऊ नये. प्रतिजैविके प्रयोगशाळेच्या अहवालाविना वापरू नयेत. तपासणीसाठी मेलेल्यापेक्षा नुकताच आजारी पडलेला जिवंत मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत पाठवावा. एकाच वेळी अनेक मासे मेल्यास जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे. 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल ॲपवरही नोंद करता येते.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या मनावर एक क्रम बिंबवावा : प्रथम निरीक्षण, मग पाणी, त्यानंतर शरीर आणि सर्वांत शेवटी औषध.