घरच्या फिश टँकसाठी माशांची निवड : कोण कोणासोबत राहू शकतो?



वाढदिवसाला किंवा सुट्टीत मुलं हट्ट धरतात आणि घरात काचेची टाकी येते. दुकानात मुलं रंग बघून बोट दाखवतात : एक लाल, एक काळा, दोन पट्ट्यांचे, एक मोठ्या शेपटीचा. आठ-दहा दिवसांत एकेक मासा पाण्यावर तरंगायला लागतो. मग आपण म्हणतो, "जाऊ दे, दुसरा आणू." मुलाला यातून काय शिकायला मिळतं? जीव मेला की नवा विकत मिळतो, एवढंच. म्हणून मासे आणायच्या आधीच मुलांबरोबर बसून हा पाठ करावा. आपल्या सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगसारख्या गावात तर तो जास्तच गरजेचा, कारण इथलं पाणीही वेगळं आणि उन्हाळाही.

मुख्य मुद्दा एकच : मासा रंगावरून नाही, तर पाणी, तापमान, स्वभाव आणि पूर्ण वाढ या चार गोष्टींवरून निवडायचा.

१) पाणी : डाळ शिजत नाही ते पाणी

आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीवर पांढरा थर बसतो. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या माशांना असं पाणी मानवतं. निऑन टेट्रा आणि डिस्कस हे मूळचे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, त्यांना मऊ पाणी लागतं. दोन्ही गट एका टाकीत ठेवले तर एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय होते.

"मग आरओचं जारचं पाणी घालू का?" असं पालक विचारतात. नुसतं तेच घालू नका. त्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात आणि माशांना ते थोडे तरी लागतात. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी असेल तर त्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. तिच्यातला क्लोरीन माशांचे कल्ले भाजतो. ते पाणी उघड्या बादलीत निदान २४ तास ठेवून मगच वापरा.

२) तापमान : सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. खोलीतल्या टाकीचं पाणीही तापतं. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साधारण साडेसात. त्यात लाईट गेली की हवेचा पंप बंद!

गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा. त्याला १८ ते २२ अंश बरे वाटतात. तो घाणही भरपूर करतो आणि तोंडात मावेल तो छोटा मासा गिळतो. म्हणजे गोल्डफिश आणि गप्पी ही दुकानात हमखास मिळणारी जोडी खरं तर चुकीची आहे. उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून लांब ठेवा, झाकण थोडं उघडं ठेवून पंख्याचा वारा लागू द्या. बर्फ टाकू नका. तापमान एकदम बदललं तर मासे दगावतात.

३) स्वभाव : सगळे शेजारी सारखे नसतात

- फायटर : दोन नर एकत्र ठेवलेच तर मरेपर्यंत भांडतात. लांब रंगीत शेपटीचा गप्पीही त्याला शत्रू वाटतो. तो एकटाच बरा.
- टायगर बार्ब : दुसऱ्यांचे पर कुरतडतो. एंजल किंवा फायटरसोबत नको.
- एंजल : शांत दिसतो, पण मोठा झाला की निऑन टेट्रासारखे लहान मासे खातो.
- निऑन टेट्रा, झेब्रा मासा : हे थव्याने राहणारे. निदान सहा तरी हवेत. एक-दोन आणले तर घाबरून कोपऱ्यात बसतात.
- गप्पी, प्लॅटी : आपसांत भांडत नाहीत, पण नर माद्यांच्या सारखे मागे लागतात. एका नराला दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर फक्त नर ठेवा. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

४) पूर्ण वाढ : आज बोटाएवढा, उद्या?

दुकानातला मासा पिल्लू असतो. ऑस्कर एक फुटापर्यंत वाढतो. काच साफ करतो म्हणून घेतलेला साधा सकर मासाही एक फुटाच्या पुढे जातो. 'शार्क' म्हणून विकला जाणारा पंगस तर एक मीटरपर्यंत जाऊ शकतो. घेताना विचारा : "हा मोठेपणी केवढा होतो?"

इथे गणित घ्या. टाकी ६० सेंमी लांब, ३० रुंद, ३० उंच. पाणी २५ सेंमीपर्यंत भरलं. ६० × ३० × २५ = ४५,००० घन सेंमी, म्हणजे ४५ लिटर. या पाण्यात सात-आठ गप्पी सुखाने राहतील. ऑस्कर एकही नाही.

वळसंगच्या घरासाठी सोपी निवड

४५ लिटर, बोअरचं पाणी, हीटरशिवाय :

1. सात-आठ नर गप्पी, किंवा
2. पाच-सहा प्लॅटी (एक-दोन नर, बाकी माद्या), किंवा
3. सात-आठ झेब्रा मासे. हा आपल्याच देशातला मासा आहे आणि तापमानातला बदल बऱ्यापैकी सोसतो.

सगळे मासे एकाच दिवशी आणू नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं रूपांतर करणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्या आठवड्यात मासे मरतात ते बहुतेक यामुळेच. आधी दोन-तीन मासे, पंधरा दिवसांनी आणखी. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, म्हणजे सुमारे ११ लिटर. सगळं पाणी एकदम बदलू नका, फिल्टर नळाखाली घासून धुऊ नका. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच.

गप्पी मासा मुलांच्या ओळखीचा

डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य विभाग पाण्याच्या टाक्यांत गप्पी सोडतो, हे मुलांनी पाहिलेलं असतं. मुलांना वाटतं, गप्पा मारतो म्हणून गप्पी! खरं तर १८६६ मध्ये त्रिनिदाद बेटावरून हे मासे ब्रिटिश म्युझियमला पाठवणारे रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांचं हे आडनाव आहे.

नको झालेले मासे ओढ्यात सोडू नका

"मारण्यापेक्षा विहिरीत सोडला, पुण्य लागलं," असं आपण म्हणतो. पण परका मासा बाहेर पडला की परत गोळा करता येत नाही. आपल्या उजनी जलाशयातला चिलापी मूळचा आफ्रिकेचा. आज तिथे त्याचंच राज्य आहे आणि आपल्या देशी माशांना जागा उरत नाही. सकर मासाही देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरलाय. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या किंवा टाकी असलेल्या दुसऱ्या घरी द्या.

मुलांसाठी कृती

1. दोन सारख्या बाटल्यांत बोअरचं आणि पावसाचं (किंवा आरओचं) पाणी घ्या. दोन्हीत साबणाच्या पाण्याचे पाच-पाच थेंब टाकून हलवा. फेस कशात जास्त? का?
2. आठवडाभर सकाळी आणि दुपारी टाकीचं तापमान मोजून तक्ता करा.
3. गोल्डफिश, फायटर, गप्पी : यांतले कोणते दोन एकत्र ठेवाल? उत्तराचं कारण लिहा. (कोणतेच नाहीत, हेही उत्तर असू शकतं!)

पालकांनो, हा पाठ झाल्यावरच दुकानात जा. मुलाने स्वतःहून "हा नको, हा आपल्या टाकीत मावणार नाही" असं म्हटलं, तर समजा पाठ पूर्ण झाला.