गुंगी औषधाची की सोडियमची?

हजीऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत बालरुग्ण तपासताना घडलेली ही गोष्ट. सायकलवरून पडून कोपराजवळ हाड मोडलेला पाच वर्षांचा मुलगा. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. वेदनेसाठी अफूवर्गीय औषध, रडे थांबावे म्हणून शामक, आणि शिरेतून एन-बाय-फाइव्ह सलाईन चालू होते. दोन उलट्या झाल्या आणि मूल झोपले.

"डॉक्टर, हा अजून डोळे उघडत नाही हो," आई रात्री म्हणाली.

"ताई, औषधाची गुंगी आहे, उतरेल," मी उत्तरलो. पहाटे आकडी आली. रक्तातील सोडियम ११९ निघाले. ते १३५ ते १४५ असावयास हवे. रक्त असे पातळ असताना लघवी मात्र दाट होती. तीन टक्के सलाईन दिल्यावर आकडी थांबली. मूल वाचले. आईचे म्हणणे मी तेव्हाच ऐकावयास हवे होते.

पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे एडीएच हे संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवण्याची आज्ञा देते. वेदना, मळमळ, भूल आणि अफूवर्गीय औषधे यांमुळे ते अकारण स्रवत राहते. त्यात कमी क्षाराचे सलाईन मिळाले की पाणी साठते, सोडियम विरळ होते आणि मेंदूला सूज येते. त्या सुजेचे एक लक्षण गुंगीच! शामक औषध हे लक्षण झाकून टाकते, हा खरा धोका.

श्वार्ट्झ, बार्टर आणि सहकाऱ्यांनी या विकाराचे वर्णन १९५७ साली केले. त्याच वर्षी हॉलिडे व सेगर यांचे सलाईनचे सूत्र प्रसिद्ध झाले, ज्यावर आम्ही सारे वाढलो. एन-बाय-फाइव्हमध्ये लिटरला जेमतेम ३१ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम असते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये बहुतेक मुलांना समक्षार सलाईनच द्यावे, असे सुचविले.

फिट्सची कार्बामॅझेपिन व ऑक्सकार्बाझेपिन आणि नैराश्यावरील काही गोळ्याही सोडियम उतरवितात. आजीआजोबा रक्तदाबासाठी थायझाइड घेत असतील, तर अधिक जपावे. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये, फिट्स उसळतात. डोकेदुखी, उलटी, बडबड किंवा सुस्ती दिसताच सोडियम तपासून घ्यावे. मीठपाणी पाजणे हा उपाय नव्हे. जुनी कमतरता घाईने भरल्यासही मेंदूला इजा होते, म्हणून चोवीस तासांत आठ-दहा अंकांहून अधिक चढवीत नाहीत.

आता माझ्या वॉर्डात झोपलेल्या मुलाची आई बोलली, की मी आधी रक्त पाठवितो.